गॅलरीतली पंगत

कडक भाकरी चोरून खाता येत नाही. तिचा आवाज होतो. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण दिवाळीचा अंक बाहेरगावीही जातो म्हणून सांगते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्यापुढं उभी करून ठेवायची. तिच्यातलं सगळं पाणी गेलं की ती पापडासारखी वाजते आणि बरेच दिवस टिकते. शेंगाचटणी, दही, नाहीतर पिठलं असलं की पुरे. आमच्या खानावळीत एका वेळी सगळे जेवायला लागले की बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, "पंगत न्हाय ही, फरशीफोड हाय."

शुक्रवार पेठेत माझी खानावळ होती. नवरा लवकर गेला, खानावळ मी चालवली. शाळा चौथीपर्यंत. गिऱ्हाइकं बहुतेक शिकणारी पोरं. मला सगळे आक्का म्हणतात. घरात आम्ही कानडी बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडायला दोन्ही.

माझ्या खानावळीचा नियम एकच. पंगत बसली की शेवटच्या ताटात वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. कॉलेजच्या पोरांना हे पटायचं नाही. "आक्का, लेक्चर हाय, मी सुरू करू का?" म्हणायचे. मी म्हणायची, "लेक्चर तुझं हाय, पंगत माझी हाय." त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. आधी जेवणारा आधी उठतो, मग दुसरा उठतो, आणि शेवटचा एकटा भिंतीकडं बघत जेवतो. एकटा माणूस दोन भाकरीत उठतो. चौघांत बसला की तीन खातो. धंद्याच्या दृष्टीनं दोन खाणारा परवडतो हे मला कळत होतं. तरी नियम तोच ठेवला.

खानावळवाल्याला माणसाची पारख ताटावरून करायची सवय लागते. ताट स्वच्छ म्हणजे गिऱ्हाईक खूश. कुरकुर म्हणजे गिऱ्हाईक जाणार. सगळे खानावळवाले असंच धरून चालतात, मीही चालले. एक वकिलीचा पोरगा होता. तो शिक्षण संपेपर्यंत रोज म्हणायचा, "आमटीत मीठ कमी." मी मीठ वाढवलं की म्हणायचा, "आज जास्त." नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला, त्यातला एक स्वतःच खाल्ला आणि म्हणाला, "आक्का, गोड जरा कमीच हाय." मी त्याला लई शिव्या घातल्या. आता वाटतं, तसली पोरं खणखणीत असतात. जो कुरकुरतो त्याला अजून काहीतरी चांगलं हवं असतं. हे मला फार उशिरा, साथीच्या दिवसांत कळलं.

साथ आली तेव्हा खानावळ बंद झाली. पंगतीवरच बंदी, मग काय करणार? भाकऱ्या करायला येणाऱ्या बायका घरी बसल्या. मी आणि सून दोघींनी डबे सुरू केले. दुसऱ्या वर्षी सात रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. कॉलेजनं पोरींना परीक्षेसाठी बोलावून घेतलं होतं. त्या आल्या आणि परीक्षा पुढं गेली. मग एक पोरगी आजारी पडली, तिला गाडीतून नेलं आणि बाकीच्यांना आतच बंद केलं. एका खोलीत एक. जेवण बाहेरून.

मुलगा म्हणाला, "आई, तुझं वय काय? तू कशाला जातीस? मी देऊन येतो."

मी म्हणाले, "तू दारात ठेवून येशील. पाव टाकल्यासारखं. मी बघून येते."

इमारत साधी, सिमेंटची, मध्ये चौक. वर उघडी गॅलरी आणि गॅलरीला लागून खोल्या. मी तोंड-नाक बांधून वर जायची, प्रत्येक दारापुढच्या स्टुलावर डबा ठेवायची, खाली चौकात यायची आणि पळीनं झाकण वाजवायची. मग दारं उघडायची, हात बाहेर यायचे, डबे आत जायचे, दारं बंद. कोंबडीच्या खुराड्यासारखं. डबे स्टीलचेच ठेवले होते. परत आले की उकळत्या पाण्यात टाकून घासायची.

खाली चौकात उभं राहून मी पोरींशी बोलायची. त्या वरून कठड्याला टेकून बोलायच्या, आपापल्या दारासमोर. त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू कळायला लागलं की हे बंद करून ठेवणं या पोरींना काय करतंय. पहिले काही दिवस मजेत गेले. सिनेमे बघितले, झोपा काढल्या. मग दिवस-रात्र उलटी झाली. दुपारी डबा घ्यायला येणारं तोंड नुकतं उठलेलं असायचं. परीक्षा कधी आहे, आहे का नाही, हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून पुस्तक उघडवत नव्हतं. एकीच्या बापाचं हॉटेल बंद. ती म्हणायची, "फीचं काय होणार, आक्का?" मला काय माहीत? दिवसभर हातात फोन, आणि फोनमध्ये मेलेल्यांच्या बातम्या. जिच्या घरून रोज फोन यायचा ती बरी असायची. जिच्या घरून यायचा नाही ती आधी चिडायची आणि मग चिडायचीही बंद व्हायची. हे बंद होणं वाईट. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जिला गाडीतून नेलं होतं ती अश्विनी. अक्कलकोटच्या पलीकडची, सरहद्दीवरच्या गावची, घरी कानडी बोलणारी. ती बरी होऊन परत आली. गावानं तिच्या बापाला सांगितलं होतं, इतक्यात आणू नका. म्हणून ती वसतिगृहातच आली आणि तिला गॅलरीच्या टोकाची, मोरीजवळची खोली दिली. तोपर्यंत अजून एक पोरगी आजारी निघाली होती आणि सगळ्यांची कोंडी लांबली होती.

पोरींनी सगळा राग अश्विनीवर काढला. ती नळावर आली की बादल्या उचलून न्यायच्या. ती गॅलरीत आली की दारं आपटायची. सगळ्यात पुढं तेजू. बार्शीकडची, तोंडानं फटकळ. मला ती आवडायची, कारण रोज खालपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची, "आक्का, वांग्यात मीठच न्हाय! उपासाची भाजी केलीय का?"

अश्विनीचा आवाज कधी यायचा नाही. मी तिला रोज वर बघून कानडीत विचारायची, "ऊटा आत?" जेवण झालं का, एवढंच. ती म्हणायची, "आत, आक्का." झालं. तिचा डबा सगळ्यांत स्वच्छ यायचा. आतून पुसलेला. मी सुनेला दाखवायची, "बघ, घरचं वळण." मी तिला चांगली पोरगी आणि तेजूला कटकट समजत होते. खानावळवालीच मी. डबा रिकामा दिसला की आमच्या डोळ्यांवर झापड येते.

मग एकदा तिथले वॉचमन मला म्हणाले, "आक्का, तुमची भाकरी कावळ्यांना लई मानवलीय की."

"म्हंजे?"

"या की मागं."

इमारतीच्या मागं, टोकाच्या खोलीच्या खिडकीखाली, भाकरीचे तुकडे पडले होते. भात होता. चटणी मुंग्यांनी धरली होती. तुकडे बारीक केलेले होते, मोठे दिसू नयेत म्हणून. म्हणजे पोरगी रोज बसून भाकरी मोडत होती आणि एक घास तोंडात घालत नव्हती.

मी खालूनच हाक मारली. ती खिडकीशी आली.

"अश्विनी, कावळ्यांचा डबा मी घेतलेला न्हाय. कधीपासनं जेवली न्हाईस?"

"थोडं खाते की, आक्का."

"खोटं बोलू नकोस. खोटं बोलायला अंगात ताकद लागते. तुझ्यात ती दिसत न्हाय."

ती म्हणाली, "भूक लागत न्हाय. झोप येत न्हाय. पहाटे डोळा लागला की वाटतं, आता परत जागच येऊ नये. माझ्यामुळं सगळ्या अडकल्या. आणि तेजूची..."

मी तिला उपदेश केला नाही. सरळ जाऊन रेक्टर मॅडमना सांगितलं. शब्द गाळले नाहीत, जागच येऊ नये म्हणाली हे तसंच सांगितलं. मॅडम हुशार बाई. "मन रमवायला सांगते" असलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, मनाचे आजार बघणाऱ्या. त्या रोज अश्विनीशी फोनवर बोलायला लागल्या, गोळ्या दिल्या, बापालाही फोन करून समजावलं. बापानं रोज संध्याकाळी फोन करायचा असं ठरलं. मॅडमनी शेजारच्या खोलीत स्वतःचं अंथरूण टाकलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी काय करू?"

त्या म्हणाल्या, "आक्का, ती डोळ्यासमोर जेवली तर बघा. आणि तिला माणसांत आणता आलं तर आणा. जबरदस्ती नको."

माणसांत आणायचं म्हणजे मला एकच येतं. पंगत.

मॅडमनी डॉक्टरीणबाईंना विचारून परवानगी दिली. गॅलरी उघडी, वारा खेळता, प्रत्येकीनं आपल्याच उंबऱ्यावर बसायचं, पुढं सरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबे स्टुलांवर ठेवले, चौकात आले आणि पळी न वाजवता वर ओरडले, "आजपासनं दारं उघडी ठेवून जेवायचं. उंबऱ्यावर बसून. आणि माझ्या खानावळीचा नियम हितंबी हाय. शेवटची बसल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय."

पोरी खूश झाल्या. टाळ्या वाजवल्या. चटया आल्या, उश्या आल्या, एक तर केस विंचरून आली. सगळी दारं उघडली. टोकाचं उघडलं नाही.

तेजूच्या लक्षात आलं. "आक्का, शेवटची म्हंजे कोण?"

"टोकाची."

"मग आमी न्हाय बसणार. तिच्यासंगं न्हाय."

"का? ती चावती का?"

एक-दोघी हसल्या. तेजू हसली नाही. कठड्याला दोन्ही हात लावून वाकली आणि म्हणाली, "माझी आजी गेली, आक्का. आमी हितं कोंडल्यावर गेली. लहानपणापासनं तिनं वाढवलं मला. मला जाता आलं न्हाय. तोंडबी बघितलं न्हाय. कुणामुळं? तिच्यामुळं. आणि तुमी मला तिच्याबरुबर जेवायला सांगताय?"

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. अश्विनी खिडकीत अर्धवट बोलली होती ते हेच.

गोड बोलायची मला सवय नाही. मी म्हणाले, "आजी गेली ते वाईट झालं. पण आजीला काय अश्विनीनं नेलं न्हाय. तिला स्वतःला गाडीत घालून नेलं तवा तिला कुणी इचारलं होतं का? साथ हाय ही. उद्या तू आजारी पडलीस तर मी कुणाच्या नावानं बोंब मारू?"

"पडू दे मला आजारी."

"गप. कडू घास घेतलास का?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकरी करून आणतात आणि दुःखातल्या माणसाला बळंच चार घास खायला लावतात. तो कडू घास. घरच्यानं घरच्याला द्यायचा नसतो, बाहेरच्यानं द्यायचा. आणि देणाऱ्यानं ताट ठेवून निघून जायचं नसतं, संगं बसायचं असतं, नाहीतर पुढचा माणूस खात नाही. त्या घासानंतर माणूस रडून मोकळं होतं आणि उठून कामाला लागतं. तो घास मिळाला नाही तर दुःख घशातच अडकून राहतं, असं आमच्या बायका मानतात. मीही मानते.

तेजू म्हणाली, "कुणाकडनं घेणार? फोनवर कळलं. दार उघडलं तर स्टुलावर डबा होता. मेथीची भाजी होती."

तेवढ्यात टोकाचं दार उघडलं. जरासंच. अश्विनी फटीत उभी होती. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत इतकी उतरली होती. इतर पोरींनी तिला बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं असावं, कारण कुणी दार आपटलं नाही.

ती मला म्हणाली, "आक्का, पिठलं करून आणशीला का? मी देते तिला."

"तू काय देणार? तू स्वतः कावळ्यांना घालतीस."

सगळ्यांसमोर बोलले. चौकात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रेक्टर मॅडमनी माझ्याकडं रागानं बघितलं. मला काही वाटलं नाही. मी पुढं म्हणाले, "कडू घास देणारीला संगं बसून खावं लागतं. खाशील का? न्हाय तर देऊ नको, मी देते."

तिनं दार पुरतं उघडलं आणि म्हणाली, "खाते."

तेजू ओरडली, "मी तिच्या हातचं खाणार न्हाय!"

मी म्हणाले, "नको खाऊस. आजी तुझी, घास तुझा. तू ठरव. मी पिठलं टाकायला चालले. मी येईपर्यंत डब्यांना कुणी हात लावायचा न्हाय."

मॅडम वॉचमनच्या खोलीपर्यंत मागे आल्या. "आक्का, सगळ्या उपाशी राहतील. आणि ती तेजू ऐकली नाही तर? अश्विनीचं काय होईल?"

त्यांचं चूक नव्हतं. तेजूनं ताट ढकललं असतं तर ती पोरगी परत आत गेली असती, आणि त्या वेळेला तिला बाहेर काढणं माझ्या पंगतीच्या हातात राहिलं नसतं. मला ते माहीत होतं. पण दुःखातलं माणूस कडू घास ढकलत नाही हेही मला माहीत होतं. आयुष्यभर मी ते बघत आले. मी म्हणाले, "मॅडम, पिठल्याला वेळ लागत न्हाय."

वॉचमनच्या खोलीत शेगडी होती. बेसन मी बरोबर बाळगतेच. लसूण ठेचला, मिरची टाकली, पिठलं घट्ट केलं, ताटात काढलं. भाकरी माझ्याकडं कडकच होती. मऊ करायला पीठ नव्हतं.

ताट वर नेण्याआधी नंतरच्या गोष्टी उरकून घेते. एका जेवणानं असला आजार जात नाही. अश्विनीच्या गोळ्या पुढं बरेच महिने चालल्या. डॉक्टरीणबाईंचं बोलणं चाललं. मधे एकदा परत बिघडलं आणि परत सावरलं. ती बरी झाली ती डॉक्टरीणबाईंमुळं, बापाच्या फोनमुळं आणि मॅडमच्या शेजारच्या अंथरुणामुळं. मी बरी केली असं मी कुठं म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर म्हणू देत नाही. मी तिला उंबऱ्याबाहेर काढली. तेवढं माझं काम, आणि तेवढं मी चोख केलं. आता ती नोकरीला आहे. फोन करते तेव्हा आधी मलाच विचारते, "आक्का, ऊटा आत?" तिच्या आवाजाला आता वजन आहे. खानावळ मुलगा चालवतो. पंगत त्यानं मोडली, टेबल-खुर्च्या आणल्या. पोरं येतात, फोन बघत जेवतात, कोण आलं नि कोण उठलं कुणाला पत्ता नसतो. मी त्याला सांगून बघितलं. तो म्हणतो, "आई, आता असंच असतं." असेल. पण एखादा पोरगा चार दिवस आमटीला नावं ठेवायचा बंद झाला तर मी अजून उठून त्याच्या समोर जाऊन बसते.

तर, मी ताट घेऊन वर गेले. ताटावर झाकण, काखेत पळी आणि रोजचं वाजवायचं झाकण. टोकाच्या स्टुलावर ठेवलं आणि बाजूला झाले. अश्विनीनं तोंडाला फडकं नीट बांधलं, हात धुतले, ताट उचललं. सगळी गॅलरी ओलांडून तिला तेजूच्या दारापर्यंत जायचं होतं. त्या गॅलरीतून ती आली तेव्हापासून कुणी तिला सरळ चालू दिलं नव्हतं. भिंतीला धरून ती चालली. एकीनं तिच्या वाटेतली आपली चटई आत ओढली, वाट करून द्यायला. तेजूच्या स्टुलावर तिनं ताट ठेवलं, मागं सरकली आणि कठड्याला टेकून खाली फरशीवर बसली. म्हणाली, "घे. आजीच्या नावानं."

तेजू दारात उभी. बघेना, बसेना. तिचं नाक लाल झालं होतं. मी मधे बोलले नाही. माझ्यासारखीला गप्प राहणं सोपं नसतं.

मग तेजू खाली बसली. झाकण काढलं. बोटानं पिठलं चाखलं. आणि रडत रडत माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, मीठ कमी हाय."

"हाय तसंच खा."

तिनं भाकरी मोडली. अर्धी ताटात ठेवली, अर्धी स्टुलाच्या कडेला सरकवली आणि हात मागं घेतला. अश्विनीनं पुढं वाकून ती घेतली. फडकं खाली ओढलं. बाकीच्या सगळ्या पोरी आपापल्या उंबऱ्यावर, समोर बंद डबे, हात मांडीवर. नियम कुणी मोडला नव्हता.

अश्विनीनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. कट्‌कन आवाज झाला. चौकात खाली उभ्या असलेल्या वॉचमनलाही तो ऐकू गेला, असं ते नंतर सांगायचे.

मी पळी घेतली आणि झाकणावर मारली.

सगळे डबे उघडले आणि सगळ्या गॅलरीत भाकऱ्या मोडायला लागल्या. रेक्टर मॅडम ऑफिसात डॉक्टरीणबाईंशी फोनवर होत्या, त्या धावत चौकात आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "आक्का, हा कसला आवाज?"

मी म्हणाले, "पंगत बसली, मॅडम."